सगळ्या डोंगरांसाठी एक जोडी

माणसाच्या आयुष्यात एखादीच वस्तू अशी येते, की ती गेली म्हणजे त्या माणसाचा एक भाग कायमचा जातो. हे वाक्य दिगंबरला रूट फॉर्टी-सिक्सवरच्या सिग्नलला सुचलं आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत फार खरं वाटलं. मग मागच्या गाडीने हॉर्न दिला. पुढच्या सिग्नलला त्याला आठवलं, की हेच आपण पूर्वी एका मिक्सरबद्दल म्हणालो होतो, आणि मिक्सर गेल्यावर आपला कुठलाही भाग गेल्याचं जाणवलं नव्हतं. चटणी तेवढी महिनाभर विकतची खावी लागली. तरी बर्फावर घसरायच्या या स्कीची गोष्ट वेगळी, असं म्हणत त्याने गाडी दुकानाच्या पार्किंगमध्ये घातली. दरवर्षी दसरा झाला की तो जोडी घेऊन इथे यायचा, कडांना धार आणि तळाला मेण लावून न्यायचा. दुकानाचा मालक डेल दरवर्षी 'सी यू ऑन द हिल' म्हणायचा आणि डोंगरावर दोघांची कधीच गाठ पडायची नाही. पार्सिपनीतल्या इतक्या वर्षांत दिगंबरने जोडलेलं हे सगळ्यात सुखाचं नातं होतं.

या वेळी डेलने 'सी यू' म्हटलं नाही. दोन्ही स्की त्याने तळाला तळ लावून दिव्यासमोर धरल्या. नवी जोडी अशी धरली की मधे फट राहते, नमस्काराच्या तळव्यांत राहते तशी. स्कीच्या अंगात एक बाक असतो, आणि त्या बाकातच तिचा जीव. दिगंबरच्या जोडीतून दिवा दिसेना. दोघी टोकापासून शेपटीपर्यंत एकमेकींना चिकटल्या होत्या, बोलणं संपलेल्या बहिणींसारख्या. 'शी इज डन, डिग,' डेल म्हणाला. कडांना धार लावायला लोखंडच उरलेलं नाही. आणि बूट पकडून ठेवणारं बाइंडिंग इतकं जुनं झालंय, की बनवणाऱ्या कंपनीनेच त्याची जबाबदारी सोडलीय. आता कुठलंही दुकान त्याला स्क्रूड्रायव्हर लावणार नाही. 'आय कान्ट टच इट.' मग त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि बाइंडिंगच्या खाचेतला सुकलेला तांबडा थर नखाने खरवडला. 'इज दॅट ब्लड?'

'नो,' दिगंबर म्हणाला. 'रिलिजन.'

डेलने नख पँटला पुसलं.

ते कुंकू होतं. खंडेनवमीला त्याची बायको देवयानी घरातली सगळी हत्यारं गॅरेजमध्ये मांडायची: बर्फाचं फावडं, ड्रिल, दोघांचे लॅपटॉप, टोयोटाची किल्ली, आणि मधोमध, सगळ्यांत उंच म्हणून, स्कीची जोडी. हळद-कुंकू, अक्षता, होम डेपोतून आणलेलं झेंडूचं फूल. लॅपटॉपवर ती फुलाची एकच पाकळी ठेवायची, कंपनीचा आहे म्हणून. दिगंबर शेजारी हात जोडून उभा राहायचा आणि आपल्याला यातलं काही पटत नाही असा चेहरा ठेवायचा; तो चेहरा हाच त्याचा पूजेतला वाटा. यंदा पूजा झाली नव्हती. देवयानी वर्षभरापूर्वी दूर दक्षिणेत कॅरीला गेली, एका औषध कंपनीत मोठ्या जागेवर, आणि यंदाची खंडेनवमी तिने तिथेच केली. व्हॉट्सॲपवर फोटो आला होता. त्यात लॅपटॉप होता, गाडीची किल्ली होती, विळी होती. मधली जागा तिने मोकळी ठेवली होती, की फोटोच तसा आला होता, यावर दिगंबरने बराच विचार केला आणि शेवटी अंगठा पाठवला.

आज शुक्रवार होता. देवयानीने रविवारी फोनवर शांतपणे सांगितलं होतं, भाजी कोणती करतेय हे सांगताना असतो त्या आवाजात: 'शुक्रवारपर्यंत सांग. येतोयस की नाही. नाही म्हणालास तरी चालेल, पण सांग. मला ही दर रविवारची दुधी-भोपळ्याची चर्चा आता जमत नाही.' तो 'बघतो' म्हणाला. वर्षभर तो हेच म्हणत होता, आणि प्रामाणिकपणे बघतही होता. त्याच्या कंपनीचं ऑफिस तिकडे होतं, मॅनेजर बदलीला हो म्हणाला होता, पार्सिपनीचं घर आठवड्यात विकलं गेलं असतं. मूल नव्हतं, तो विषय दोघांनी फार पूर्वी, कोणीही आवाज न चढवता, बंद केला होता. अडचण अशी कुठलीच नव्हती, आणि अडचण नसलेल्या निर्णयासारखी भयंकर गोष्ट नाही. सकाळी उठल्यावर त्याने ठरवलं होतं की आधी स्कीला धार लावून आणू, मग फोन करू. आता धार लागणार नव्हती. फोन मात्र तसाच होता, खिशात, मांडीला गरम लागत.

दुकानाच्या भिंतीवर छतापर्यंत नव्या स्की उभ्या होत्या. दिगंबर त्यांच्यासमोर जाऊन मान वर करून उभा राहिला. त्याला एकदम लहानपणीचं गणवेशाचं दुकान आठवलं. वडील म्हणायचे, 'वाढत्या अंगाची द्या.' म्हणून जूनमध्ये चड्डी गुडघ्याखाली यायची आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत ती बरोबर होईल अशा आशेवर सगळं घर जगायचं. त्याने पुढेही सगळं वाढत्या अंगाचंच घेतलं. पार्सिपनीतलं चार बेडरूमचं घर वाढत्या अंगाचं, गॅरेज वाढत्या अंगाचं, बारा माणसांचं डिनर टेबल. अंग वाढलं नाही. टेबलाच्या एका कोपऱ्यात तो गेलं वर्षभर जेवत होता, आणि उरलेल्या अकरा खुर्च्या त्याच्याकडे, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लवकर आलेले प्रेक्षक रंगमंचाकडे बघतात तशा, सहनशीलपणे बघायच्या. आता हा माणूस पन्नाशी उलटल्यावर स्की घेणार, म्हणजे किती उंच? डेलने हनुवटीपर्यंतची काढली. दिगंबर म्हणाला, याहून थोडी लांब नाही का? डेलने त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. 'यू प्लॅनिंग टू ग्रो?'

'ऑल-माउंटन हवी,' दिगंबर म्हणाला. सगळ्या डोंगरांवर चालणारी. कडक बर्फावर, मऊ बर्फावर, दुपारच्या चिखलावर. जुनी जोडी आता फार दिवस काढणार नाही या धास्तीने गेल्या आठवड्यात त्याने रात्ररात्र वाचून काढलं होतं. स्कीची कंबर, म्हणजे मधली रुंदी, किती मिलिमीटर असावी यावर इंटरनेटवर माणसं एकमेकांशी ज्या पोटतिडकीने भांडतात तितक्या पोटतिडकीने त्याने स्वतःच्या लग्नाबद्दल कधी दोन वाक्यं वाचली नव्हती. एवढं खरं, की बारीक कंबरेची स्की इकडच्या पूर्वेच्या काचेसारख्या कडक बर्फाला धरून राहते, आणि रुंद कंबरेची पश्चिमेच्या खोल, भुसभुशीत बर्फावर तरंगते. हे वाचता वाचता त्याच्या डोक्यात एक पक्कं समीकरण तयार झालं होतं, आणि ते कुणालाही सांगण्याजोगं नव्हतं. बारीक घेतली, तर आपण इथेच राहणार, दर शनिवारी पहाटे व्हरमाँटच्या डोंगरांकडे निघणार. रुंद घेतली, तर आपण कॅरीला जाणार. कारण कॅरी हा सपाट, पाइनच्या झाडांचा, मऊ हिवाळ्याचा प्रदेश, तिथून वर्षातून एकदा विमानाने कोलोराडोला जाणाऱ्याला रुंदच लागणार. म्हणजे निर्णय मिलिमीटरमध्ये होता. इंजिनिअर माणसाला हे बरं वाटतं.

बरं वाटत नव्हतं. त्याने एका स्कीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्या थंड लोखंडाबरोबर त्याला स्टेट कॉलेज या युनिव्हर्सिटीच्या गावातली पहिली थंडी आठवली. तीन मुलं, एक अपार्टमेंट, एक कुकर. रूममेट सत्यजित नागपूरचा, थर्मोडायनॅमिक्समध्ये नापास होण्याच्या बेतात, तो एका शनिवारी म्हणाला, 'चल यार, इथे एक टेकडी आहे, स्टुडंट्सला फुकट शिकवतात.' जीन्स, आत पायजमा, मोज्यांवर ग्रोसरीच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. सत्यजितने पाच मिनिटांत हात टेकले आणि खाली कॅफेटेरियात जाऊन फ्रेंच फ्राइज खात बसला. दिगंबर पडत राहिला. पडून पडून जीन्स ओली झाली, मग गोठली, मग पुठ्ठ्यासारखी वाजायला लागली. आणि मग, का ते कधीच कळलं नाही, एका उतारावर त्याने वजन डाव्या पायावर टाकलं आणि सगळं जग उजवीकडून डावीकडे सावकाश फिरलं. एवढंच. एक वळण. पण त्या वळणात त्याच्या डोक्यात कोणीच बोलत नव्हतं. एरवी त्याच्या डोक्यात सतत कुणी ना कुणी बोलत असायचं: वडील, गाइड, इमिग्रेशनच्या खिडकीतली बाई, नंतरच्या वर्षांत मॅनेजर आणि मंडळाचे अध्यक्ष. प्रत्येक विचार कुणाच्या तरी आवाजात यायचा, आणि त्याला दिगंबर मनातल्या मनात खुलासा देत राहायचा. वळणात खुलासा नव्हता. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, ही जोडी घेतली, आणि ते वळण या जोडीच्या कंबरेत कायमचं येऊन राहिलं. देवयानी सुरुवातीची काही वर्षं बरोबर यायची. लॉजच्या काचेमागे थर्मास आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या घेऊन बसायची, स्वेटर विणायची नाही, पुस्तक वाचायची नाही, नुसती बसायची. त्याला वाटायचं, ती आपलं वळण बघतेय. नंतर ती म्हणाली की काचेवर वाफ धरते, बाहेरचं काही दिसत नाही, पण हीटर छान असतो.

'अगं बाई, दिगंबरदादा!'

मागे प्रतिमा उभी होती, मंडळाची खजिनदार, हातात मुलाचे स्कीचे बूट. सीझनसाठी भाड्याने नेलेले, आठवड्यातच छोटे झालेले. 'महिन्याला पाय वाढतो हो आमच्या वीरचा. तुम्ही काय, नवीन घेताय? अय्या, म्हणजे नक्की झालं तर तुमचं! बरं केलंत. मंडळाचा साउंड कोण बघणार होतं नाहीतर?'

'काय नक्की झालं?'

'कॅरीला जात नाही आहात ते. देवयानी म्हणाली ना आम्हाला, कोजागिरीच्या झूमवर.' प्रतिमाने बुटाची खटकी उघडली, मिटली. 'म्हणजे, आम्हीच विचारलं, की दादा कधी शिफ्ट होतायत. तर म्हणे, तो कसला येतोय, त्याचा डोंगर तिकडे आहे. हसत म्हणाली हं. एकदम कूल. मी तर म्हटलं मिस्टरांना, बघा, अशी बायको हवी, स्पेस देणारी.'

'हो,' दिगंबर म्हणाला. 'स्पेस भरपूर आहे.'

'दिवाळी फराळाला या मग. एकटे बसू नका घरात. आणि अनारसे मी केलेत, तेव्हा कौतुक कंपल्सरी.' ती डेलकडे वळली आणि एकदम वेगळ्या, उंच, गोड इंग्रजीत बुटांबद्दल तक्रार करू लागली.

कोजागिरी. म्हणजे रविवारच्या त्या फोनच्या आधीच. म्हणजे शुक्रवारपर्यंत सांग म्हणताना तिला उत्तर माहीत होतं. ती फक्त ते त्याच्या तोंडून निघण्याची वाट बघत होती, जशी आपण सरकारी कचेरीत आपलंच नाव पुकारलं जाण्याची वाट बघतो. तो भिंतीसमोर उभा राहिला आणि त्याला वाटलं, आपण वर्षभर ज्या खोलीच्या दाराशी घुटमळत होतो, त्या खोलीत बाकी सगळे कधीचेच जेवून हात धुऊन बसलेत. आपण विचार करतोय असं आपल्याला वाटत होतं, पण बाहेरून बघणाऱ्याला तो नकार दिसत होता. आणि बाहेरून बघणारा बरोबर असेल तर? प्रत्येक रविवारी तिने 'मग?' विचारलं होतं, आणि तो पार्किंग, प्रॉपर्टी टॅक्स, गटार साफ करणारा माणूस यांबद्दल बोलला होता. ओरडावं असं वाटलं. दुकानात मागे कुठलंतरी ख्रिसमसचं गाणं आतापासूनच लागलं होतं. ओरडण्याऐवजी तो डेलला म्हणाला, की एक निवडायची आहे, आत्ता, लगेच.

'डिपेंड्स व्हेअर यू स्की,' डेल म्हणाला.

'दॅट इज द क्वेश्चन.'

डेलने एक बारीक काढली, एक रुंद काढली, दिगंबरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग जिच्या सगळ्यात जास्त जोड्या गोदामात पडल्या होत्या ती मधली काढली. बारीकही नाही, रुंदही नाही. ही सगळं थोडं थोडं करते, असं तो म्हणाला. दिगंबर त्या मधल्या जोडीकडे बघत राहिला. स्वतःचा पासपोर्ट फोटो बघावा तसं वाटलं. 'आय विल टेक इट,' तो म्हणाला, आणि आपण काहीच ठरवलेलं नाही या जाणिवेने त्याला क्षणभर हुशारीचं समाधानही झालं. डेलने वजन विचारलं, वय विचारलं. स्की करण्याची पद्धत कोणती, सावध, मध्यम की आक्रमक? मध्यम, दिगंबर म्हणाला, अंगातल्या सगळ्या संस्कारांसह. वय ऐकून डेलने कोष्टकात बोट एक ओळ खाली आणलं. पन्नाशीच्या पुढच्यांचं बाइंडिंग थोडं सैल ठेवतात, जरा ताण आला की सुटतं. त्या वयात हाड जुळायला वेळ लागतो. 'ट्वेंटी मिनिट्स,' म्हणत डेल जोडी घेऊन आत गेला आणि आतून ड्रिलचा आवाज यायला लागला.

दिगंबर पार्किंगमध्ये आला. ऑक्टोबरचं ऊन होतं, स्वेटरमध्ये घाम आणणारं. जुनी जोडी त्याने गाडीला टेकवून ठेवली आणि फोन लावला.

'बोल,' देवयानी म्हणाली. मागे ऑफिसचे आवाज होते.

'स्की संपल्या.'

'कुठल्या?'

'माझ्या. त्या. डेल म्हणतो, जीव गेला त्यांचा.'

'अरेरे. मग?'

'नव्या घेतल्या.'

फोनमध्ये एक दार मिटल्याचा आवाज आला. ती कुठल्यातरी रिकाम्या खोलीत गेली असावी. 'बरं,' ती म्हणाली. 'म्हणजे सांगितलंस. थँक्स.'

'नाही, तसं नाही. ऐक ना. स्कीचा आणि त्याचा काही संबंध नाही. मधल्या घेतल्यात मी.'

'मधल्या म्हणजे?'

हे सांगता येण्यासारखं नव्हतं. 'मी येतो,' तो म्हणाला. ते शब्द त्याला कुणीतरी मागून ढकलल्यासारखे बाहेर पडले. 'देवयानी, मी येतो. घर काढू विकायला. सोमवारीच मॅनेजरला सांगतो.'

'कशाला?'

तिने ते उपरोधाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि आत काहीच सापडलं नाही. इतकी वर्षं ज्याला तो शांतता म्हणत आला होता ती ही नव्हती. ही नुसती रिकामी होती.

'मी दरवर्षी त्यांची पूजा करायचे ना,' तीच बोलली, 'तेव्हा काय मागायचे माहितीये? म्हणायचे, याची हाडं मोडायच्या आत या मोडू देत. बघ, ऐकलं देवाने. टाइमिंग तेवढं नेहमीसारखं.' ती हसली. मग हसू थांबलं. 'कशाला येतोस, दिगंबर? मी कोजागिरीला सगळ्यांना सांगून टाकलं, तू येत नाहीस म्हणून. बोलून गेले आणि इतकं हलकं वाटलं, की मलाच भीती वाटली.'

'मला तिथली भीती वाटते,' तो म्हणाला. एक बाई शॉपिंग कार्ट ढकलत जवळून गेली. ती जाईपर्यंत तो थांबला. 'तिथे डोंगर नाही. बर्फ नाही. इथे निदान शनिवारी मी कोणीतरी असतो. तिथे आठवड्याचे सातही दिवस मी म्हणजे नुसता... तिथे मी कोण असेन, मला कळत नाही. एवढंच कारण आहे. बाकी कुठलंही नाही. हसू नकोस.'

ती हसली नाही.

'अरे, आमच्या टीममधला अर्धा ग्रुप जानेवारीत दर वीकेंडला स्कीइंगला जातो,' ती हळूच म्हणाली. 'ड्राइव्ह करून. बूनच्या बाजूला डोंगर आहेत, मशीनने बर्फ करतात. सकाळी निघतात, संध्याकाळी परत.'

दिगंबरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

'तुला माहीत नव्हतं?'

'तू सांगितलं नाहीस.'

'मला वाटलं, तुला माहीत असणारच. स्कीबद्दल तुला माहीत नाही असं काही असतं का? मी म्हटलं, माहीत असूनही येत नाही, म्हणजे...' तिने वाक्य सोडून दिलं. मग पुन्हा उचललं, या वेळी अगदी सावकाश. 'वर्षभरात तू एकदाही नकाशा उघडून बघितलं नाहीस?'

'नाही.'

'म्हणजे डोंगराचा प्रश्न नव्हताच रे.'

त्याने जुन्या जोडीवर हात ठेवला. ऊन लागून ती तापली होती. काहीतरी बोलायला हवं होतं, आत्ता, लगेच, आणि ते काय हे त्याला समोर दिसत होतं, उतारावर पुढचं झाड दिसतं तसं; पण वजन कुठल्या पायावर टाकायचं ते सुचेना. 'मी येतो,' तो पुन्हा म्हणाला. पहिल्यापेक्षा हळू.

'नको. आज म्हटलेलं हो मी धरणार नाही,' देवयानी म्हणाली. 'मी इथलं लीज वाढवलंय. एक बेडरूम. मला पुरतं.' तिला कुणीतरी बोलावलं. तिने फोनपासून तोंड लांब करून इंग्रजीत 'वन मिनिट' म्हटलं. 'मला मीटिंग आहे. जेवून घे. प्रतिमाकडे फराळाला जा, तिचे अनारसे विरघळतात तेलात, पण छान आहेत म्हण.'

फोन ठेवल्यावर तो आत गेला. नवी जोडी काउंटरवर तयार होती. डेलने ती तळाला तळ लावून दाखवली. मधल्या फटीतून दिवा स्वच्छ दिसला. दिगंबरने विचारलं, परत करता येतील का? डेल म्हणाला, एकदा भोकं पाडली की नाही. मग त्याने दोन्ही स्की पट्ट्यांनी बांधून त्याच्या खांद्यावर ठेवल्या आणि 'सी यू ऑन द हिल' म्हणाला. गाडीत बसल्यावर दिगंबरने फोनवर नकाशा उघडला. कॅरीहून बूनजवळचे डोंगर तीन ते साडेतीन तासांवर आहेत. पार्सिपनीहून व्हरमाँटला त्याला पाच लागायचे.